बिनवाजंत्रीचा मांडव

लग्नाची बोलणी सुरू झाली की लोक पत्रिका मागतात. आमच्या कुरुंद्याचे किसनमामा कार्डिओग्राम मागतात. अख्ख्या भावकीच्या काळजाचे आलेख खताच्या पिशवीत घालून ते सायकलला लटकवतात आणि चहाच्या टपरीवर उघडून बसतात.

"पेशीला दारं असत्यात," ते कुणालाही धरून सांगतात. "त्यातून पोटॅशियम बाहेर जायचं. त्या दारावर नजर ठेवनारा जीन आमच्या घराण्यात आळशी. दार उशिरा उघडतं, काळीज उशिरा सावरतं. तेवढ्यात कानाशी दणका झाला की खलास."

डॉक्टरांनी हे एकदा सांगितलं, मामांनी हजारदा. वर ऐकणाऱ्याला पोटॅशियमसाठी एक केळं खावंच लागतं, त्याचं काळीज कितीही धडधाकट असो. मी आजवर किती खाल्ली, देव जाणे.

त्यांच्या घरात माणसं अशी बसल्याजागी जायची. गाव त्याला शाप म्हणायचं. "शाप न्हाई, जीन हाय. माझ्यात बी हाय," असं मामा चारचौघांत ठणकावत. घरातल्या गजराच्या घड्याळाची घंटा त्यांनी स्वतः उपटून टाकली.

त्यांची भाची मीरा, तिच्यातही तोच जीन. ती रोज गोळी घेते. तिचं लग्न ठरलं ते वाजंत्री नाही या अटीवर. तरी वरात आली ती डीजे घेऊनच. मामा सरळ गाडीपुढे आडवे झाले, नवं धोतर मातीत.

नवऱ्याचा बाप चिडला. "बिनवाजंत्रीचं काहून? हे लगीन हाय का मयत?"

मामा उठले नाहीत. पडल्यापडल्याच म्हणाले, "माझी लेक सुमन अशीच चक्कर येऊन पडायची. मला वाटलं, बाहेरचं हाय. मीच देवऋषी आनला. मीच तिच्या कानाशी हलगी वाजवाया लावली. लेकरू तिथंच गेलं. आता माझ्या दारात वाजनार न्हाई. गाडी घाला अंगावर."

वीस वर्षांचा शेजार, पण सुमनचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ड्रायव्हरने गाडी बंद केली.

मंगलाष्टकं हळू आवाजात झाली. रीतीप्रमाणे मामा नवरीच्या मागे उभे होते. तिचं मनगट धरून ओठांतल्या ओठांत ठोके मोजत होते. शेवटच्या अक्षता पडल्या, लोक जेवायला उठले, तरी त्यांनी हात सोडला नाही.

शेवटी मीराच म्हणाली, "मामा, सोडा आता. बराबर चालू हाय."