चार बोटं कमी

सीतारामजी कुणाच्याही घरी गेले की आधी छताला राम राम घालायचे, मग माणसांना. एकदा शिरपूरला चुलतभावासाठी मुलगी पाहायला निघालो, तेव्हा वडिलांनी त्यांना मोठेपणानं बंडीत बसवून नेलं. परतताना विचारलं, "काय मंता सीतारामजी, पोरगी कशी वाटली?"

"मयाली सागाच्या हायेत. पक्क्या!" ते म्हणाले. घ्या! छताच्या तुळया तेवढ्या पाहिल्या, मुलीकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आमच्या गावच्या कमिटीनं त्यांना छतं तपासायला नेमलं होतं. तेव्हा सगळी घरं धाब्याची. मयालींवर काड्या, काड्यांवर पाला, वर खारी माती आणि पाणी पनाळाकडं जाईल एवढाच जेमतेम उतार. दर उन्हाळ्यात नवी माती टाकायची. जुनी खरवडायची म्हटलं की सगळ्यांच्या जिवावर यायचं, म्हणून छत वर्षागणिक जाड व्हायचं. नियम होता, माती हातभराच्या वर नको. सीतारामजी शिडीनं चढायचे, लोखंडी सळई मातीत खुपसायचे आणि वरूनच ओरडायचे, "छत डोक्यावर पाह्यजे, उरावर नाई!"

गंमत म्हणजे सळईवरची खूण हातभराची नव्हतीच. चार बोटं कमी होती. कुणी भांडलं तर म्हणायचे, "सळई माही हाये." शिवाय कुणाच्या घरात बसायचे नाहीत. चहासुद्धा ओट्यावर, उभ्यानंच. लोक त्यांना अर्धवट म्हणत. मीही म्हणत होतो, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या उन्हाळ्यात माझी बहीण कमला बाळंतपणाला घरी आली. दुसऱ्याच दिवशी सीतारामजी छतावर. "चार बोटं खरवडा."

"कायले?" वडील तडकले. "बराबर हातभर हाये. कायदा मलेबी समजते!"

"पोरगी कोन्त्या खोलीत निजते?"

"तुमाले काय करायचं हाये?"

आठ दिवस ते रोज सकाळी दारात हजर. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "एवढीच खाज असन त तुमीच खरवडा!" साठीला आलेला माणूस, दुसऱ्या दिवशी खरंच फावडं घेऊन वर चढला. दोन दिवस भर उन्हात माती खाली लोटत होता आणि आई खालून धुळीनं भरलेली भांडी दाखवत त्यांचा उद्धार करत होती. शेवटी त्यांनी वर लोटाभर पाणी ओतलं, ते पनाळातून खाली पडलेलं पाहिलं आणि मुकाट्यानं निघून गेले. आईनं पाण्याचंसुद्धा विचारलं नाही.

श्रावणात पावसाची झड लागली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. कमलाची मुलगी चार दिवसांची होती. दुपारी खोलीत काडकन आवाज झाला. बाजेवरची मयाल मधोमध तडकली, वाकली आणि तशीच थांबली. आम्ही कमलाला आणि बाळाला बाजेसकट बाहेर काढलं. तेवढ्यात शेजारचं धाबं धाडदिशी बसलं. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. त्या शेजाऱ्यानं सीतारामजींना शिडीवर पायच ठेवू दिला नव्हता. त्याच्या छतावर माती हातभर होती, नियमातली.

आजही त्या भाचीला पाहिलं की मी मनातल्या मनात सीतारामजींना हात जोडतो.

वडील डोक्यावर पोतं घेऊन तसेच पावसात त्यांच्याकडं निघाले, मागोमाग मी. माझे वडील कुणापुढं न वाकणारे, पण त्यांनी सरळ पाय धरले. "सीतारामजी, तुमाले कसं कळलं?"

त्यांनी वडिलांना उठवलं.

"माह्या घरावर माती बराबर हातभर होती," ते म्हणाले. "मीच मोजली, मीच पास केली. आत बायको होती. पाच दिवसाची बाळंतीण." मग हळूच म्हणाले, "पोरगी झालती."

बारशाला आले ते नेहमीसारखे ओट्यावरच उभे राहिले. वडिलांनी हाताला धरलं. "आत या. छत तुमचंच हाये."

उंबऱ्याशी ते थबकले. मग आत आले आणि नव्या मयालीखाली मांडी घालून बसले. कमलानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते बाळाकडं पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.