हातवाऱ्यांना काही अर्थ नसतो

हातवाऱ्यांना काहीही अर्थ नसतो. माणूस बोलतो तोंडाने. हात नुसते शोभेला लोंबत असतात, मांडवाच्या झालरीसारखे! हे मी सप्रमाण सिद्ध करणार होतो. त्यानंतर संवादशास्त्राचे दोनच कालखंड उरणार होते : माझ्याआधीचा आणि माझ्यानंतरचा. मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता.

अडचण एकच. आमच्या गाइड, इंद्रायणी मॅडम.

"बुद्धभूषण, पुरावा?"

"मॅडम, मला आतून वाटतं!"

"आतून वाटणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवतात. एखाद्या कारखान्यात परवानगी काढ आणि माणसं बोलताना बघ. सोमवारपर्यंत परवानगी नाही आली तर हा विषय रद्द. मग तू 'वृत्तपत्रांतील राशिभविष्य' घ्यायचंस."

राशिभविष्य! रहाटणीत आमच्या घरी राशिभविष्याच्या पानात भजीसुद्धा बांधून आणत नाहीत. मी त्यावर प्रबंध लिहिला असता, तर बाबांनी मला त्याच प्रबंधात गुंडाळून घराबाहेर ठेवलं असतं.

म्हणून ज्योतीराममामाला गाठलं. मामा चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. एवढं विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

"शुक्रवारी ये," मामा म्हणाला. "खंडेनवमी आहे. मशिनींची पूजा असते, साहेब खुशीत असतात. त्या दिवशी ते कशालाही हो म्हणतात."

शुक्रवारी शेडमध्ये गेलो तर प्रत्येक मशीन नवरीसारखं नटलेलं. प्रेसला झेंडूच्या माळा, क्रेनच्या हुकालाही हार! खाली केळीच्या पानावर कुंकू लावलेला, पूजेअखेर फोडायचा भलामोठा कोहळा आणि त्यापुढे डोळे मिटून भटजी. पाहुण्यांची जाकिटं संपली होती, म्हणून मामाने अंगातलं नारिंगी जाकीट काढून मलाच घातलं.

"इथंच उभा राहा. पेढे घेऊन आलो."

समोर एक मखमली सोफा होता. प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला. जिन्यात वळेना, म्हणून पट्टे बांधून क्रेनला अडकवलेला. आता वरच्या माळ्यावर जायचा होता. तेवढ्यात प्लांट हेड कुलदीप सर आले. पूजेत मांडी घालून पाय भरून आले असावेत. 'हुश्श' करून त्याच सोफ्यावर बसले.

"ज्योतीरामचा भाचा ना तू? परवानगी पाहिजे म्हणे. बोल, दोन मिनिटांत सांग."

"सर, माझं म्हणणं साधं आहे," मी एक बोट वर करून गरगर फिरवत सुरुवात केली. "हातवाऱ्यांना काहीही अर्थ नसतो!"

सर उठले. म्हणजे मला वाटलं, प्रभावित होऊन उठले. बघतो तर बसलेलेच, पण माझ्या छातीच्या उंचीवर! मला वाटलं, महागडा सोफा आहे, होत असेल वर. मी जोरात बोट फिरवलं.

"हा सिद्धांत संशोधनाला एका नव्या उंचीवर नेईल!"

"अरे... अरे!" सर म्हणाले. आता ते माझ्या डोक्यावर होते.

"पलीकडे पाश्चात्त्य देशांत बघा!" मी उजवा हात लांबवला. सर खिडकीकडे निघाले. "आणि इकडे आपल्याकडे बघा!" मी डावा हात लांबवला. सर परत आले. चपला मात्र पाश्चात्त्य देशांतच पडल्या.

शेडमध्ये बोंबाबोंब झाली. "बंद कर! हात खाली!" मी घाबरून दोन्ही हात काखेत खुपसले. सोफा जागच्या जागी थांबला. सर हवेत अधांतरी, हाताशी झेंडूची माळ. देव्हारा तेवढा बाकी होता.

मामा पेढ्यांचा डबा घेऊन धावत आला. वर क्रेनच्या केबिनमध्ये मोशीचे भैरूअण्णा बसले होते, कानात बोळे घालून. मामाने जिवाच्या आकांताने हात हलवले. अण्णा ढिम्म.

"अण्णा, मी सांगतोय! खाली घ्या!"

अण्णांनी एक बोळा काढला. "ज्योतीराम, नियम तूच शिकवला न्हाई का? ज्याच्या अंगात नारिंगी जाकीट, त्याच्याच हाताकडं बघायचं. जाकीट कुणाच्या अंगात हाय?"

"भाच्याच्या!"

"मग भाच्याला सांग. पोरगं झ्याक इशारे देतंय!" आणि बोळा परत कानात.

आत्ता मला मामाची नोकरी समजली.

"काढ ते जाकीट!" मामा माझ्यावर झडप घालत ओरडला. जाकिटाची चेन अडकली! मामा एक बाही ओढतोय, मी दुसरी. माझे हात चारी दिशांना जात होते, आणि त्याच चारी दिशांना कुलदीप सर. माळ्यावरच्या पाहुण्यांना तर त्यांनी जाता-येता नमस्कारही केला.

"अरे, मी बीपीचा पेशंट आहे!" वरून आवाज आला.

खाली सगळे एकदम ओरडायला लागले. मला काही सुचेना. मी दोन्ही तळवे पसरले आणि खाली दाबत म्हणालो, "शांत व्हा! सगळ्यांनी आधी शांत व्हा!"

सोफा हळूहळू खाली आला. अगदी अलगद. आणि बरोब्बर कोहळ्यावर टेकला.

फटाक!

भटजींनी डोळे न उघडता "शुभं भवतु!" म्हटलं. सवयीने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कुलदीप सर उठले. पँटवर कोहळा, कपाळावर झेंडू. त्यांनी नुसता हात उचलला आणि एक बोट गेटकडे केलं. अंगात जाकीट नव्हतं, तरी अर्थ लगेच पोचला.

गेटबाहेरून मॅडमना फोन लावला.

"पुरावा मिळाला का?"

"भरपूर मिळाला मॅडम. सगळा माझ्याविरुद्ध."

"आणि परवानगी?"

मी फोनपुढे नुसती नकारार्थी मान हलवली. मॅडमना तेही समजलं. "रास कोणती तुझी?" त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

मी स्टॉपवर येऊन उभा राहिलो. समोरून रिकामी बस आली. मी हात केला, मग दोन्ही हात केले, मग उड्या मारल्या. ड्रायव्हरने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि बस तशीच पुढे नेली.

माझ्या बाजूने तेवढा एकच पुरावा आहे. प्रबंधात घ्यावा म्हणतो. पण कन्या राशीला या आठवड्यात वादविवाद टाळायला सांगितलंय.