काठावर उभ्याचा वाटा

दोनशे चौदा मळे मासे, एकसष्ट झिंगे, अकरा खेकडे आणि एक डावी चप्पल. पेठ तालुक्यातल्या एका पाड्याच्या ओहोळात मासे धरायला लावलेल्या टोपल्या सहा घरांच्या बायकांनी उपसल्या, तेव्हा एवढा ऐवज निघाला. वजन (चप्पल वगळून) बाराशे साठ ग्रॅम. नाशिकहून आलेल्या तृप्तीने ते दोनदा तोलले, कारण ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होती.

जो मासा बाजारात जात नाही, तो शासनाच्या लेखी पाण्यातही नसतो. हे मासे थेट कालवणात जात. त्यांची कुठेतरी नोंद व्हावी, म्हणून तृप्तीने निर्वाह मासेमारीवरील संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज करायचे ठरवले.

पाड्याची रीत साधी होती. वाटे पाडताना काठावर जो उभा असेल, त्याचा वाटा.

"मावशी, मी तर फक्त वजन करतेय," तृप्ती म्हणाली.

"उभी हायेस ना? मग घे गुमान," भागीबाई म्हणाली. टोपल्या तिच्या सांगण्यावरून लागत आणि वाटेही तीच पाडी.

सात वाटे झाले. घरटी एकशे ऐंशी ग्रॅम. हा आकडा तृप्तीने अर्जात भरला.

शासनाने अर्जाची तातडीने (आठव्या महिन्यात) दखल घेतली आणि पाहणी समिती पाठवली. तीत अध्यक्ष, सदस्य सचिव, खोल समुद्राचे तज्ज्ञ, फोटोग्राफर आणि ड्रायव्हर होते. मासे पुन्हा बाराशे साठ ग्रॅमच भरले. ओहोळाला योजनेची कल्पना नव्हती. वाटे मात्र बारा पडले. शासकीय सेवकाने भेट स्वीकारणे नियमबाह्य असल्याने समितीने आपले वाटे 'नमुने' म्हणून स्वीकारले. पेठेतल्या एका खानावळीत त्यांची त्याच दुपारी तपासणी झाली (पद्धत: तळून).

अहवाल गंभीर होता. घरटी मासळी एकशे ऐंशीवरून एकशे पाचवर! कारणे शोधायला नऊ जणांची दुसरी समिती नेमण्यात आली. तिला मार्गदर्शन करायला पहिली समितीही आली. वाटे एकवीस, घरटी साठ ग्रॅम. दुसऱ्या समितीला कारण जागेवरच सापडले: स्थानिकांकडून अतिमासेमारी. सहा घरांनी टोपल्या लावणे बंद करावे, अशी शिफारस झाली. नमुने त्याच खानावळीत गेले. निष्कर्षांत सातत्य राहावे, हा हेतू.

तृप्तीने शिफारस वाचून दाखवली.

"आमीच लय खातो म्हंत्यात?" सहा घरांतली ठमाबाई हसायलाच लागली. "माझ्या घरात काल नुसता रस्सा व्हता. पोरं चमच्यानं मासा हुडकत बसली."

भागीबाई मात्र हसली नाही. "पोरी, तुझा अर्ज लय खातो गं. त्याला आवर."

"तुम्ही त्यांना वाटा देऊच नका ना, मावशी."

"काठावर उभ्या मान्साला रिकाम्या हातानं धाडू? आमी काय शहरातलं हाओत?"

तृप्तीने अर्ज मागे घेतला. अर्ज मागे घेतल्याने शिफारसही आपोआप रद्द होणार होती. अट एकच होती: माघारीचे कारण खरे असल्याची स्थळपाहणी. या पाहणीसाठी चौदा जण आले. आधीच्या दोन्ही समित्या अनुभवी म्हणून सोबत होत्या.

टोपल्या उपसल्या. बाराशे साठ ग्रॅम. भागीबाई पळसाच्या पानांवर वाटे पाडू लागली. सहा घरे, तृप्ती, पाच, नऊ, चौदा.

"पस्तीस," तृप्ती म्हणाली. "घरटी छत्तीस ग्रॅम."

"थांब. आन् ते कोन तिथं? पयल्या दिवसापासून बघते मी. टोपली उचलाया हात लावला नाय, नुसतं उभं ऱ्हाऊन बघतंय. मघाशी हसलंबी."

तृप्तीने वळून पाहिले. "ते वाचक आहेत, मावशी."

"उभं हाय ना? मग पान मांड."

वाटे छत्तीस. घरटी पस्तीस ग्रॅम.