चामटोलीला पोचताना एक काडी

बदलापूरच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी गाडी थांबवून "साहेब, जरा उतरता का? चढ आहे," अशी विनंती करणारा वाहनमालक मोटार वाहन कायद्याच्या कोणत्या कलमाखाली येतो, याचा मी कसून शोध घेतला. तसे कलम नाही, ही कायद्याची त्रुटी आहे. आमचे शेजारी गायकवाड पाहुण्याला पुलाच्या अलीकडे उतरवतात, एकटे गाडीने पूल ओलांडतात आणि पलीकडे थांबून राहतात. पाहुणा धापा टाकत पोचला की दार उघडून म्हणतात, "बघा, जीव आहे अजून तिच्यात." पाहुण्यात किती उरला आहे, याची चौकशी ते करीत नाहीत.

गाडी विजेवर चालणारी, दोन दारांची, एके काळी पोपटी. मोरिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी गायकवाडांनी ती घेतली. "जन्मभर धूर खाल्ला, आता आपण सोडायचा नाही," हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व टिकले, बॅटरी थकली. आता गायकवाड अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. गाडीच्या पडद्यावर बॅटरीच्या ज्या काड्या दिसतात, तेच त्यांचे माप. अंबरनाथ दोन काड्या, उल्हासनगर चार. सासुरवाडी कल्याणला आहे, "तिथं आता काड्या पुरत नाहीत," हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नसतो. भर मे महिन्यात ते एसी लावत नाहीत. हॉर्नलासुद्धा करंट लागतो म्हणून खिडकीतून डोके काढून "ओ दादा, सरका" असे ओरडतात. उल्हासनगरच्या एका सिंधी बॅटरीवाल्याने गाडी पाहून "साईं, इसको गाडी मत बोलो, टेबल फॅन बोलो," असा अभिप्राय दिला आणि सेल बदलून देण्याची तयारीही दाखवली. गायकवाड म्हणाले, नको, एवढ्यात भागतंय.

माझे भांडण मात्र वायरीशी होते. बेलवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. गायकवाड दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडून गाडी चार्ज करतात आणि ती वायर सामाईक मार्गावरून, माणसाच्या मानेच्या उंचीने जाते. यासंबंधी मी त्यांना उपविधींच्या हवाल्यासह अनेक नोटिसा बजावल्या. प्रत्येक नोटिशीनंतर ते स्वतः येत, "पत्र एकदम भारी लिहिलंय साहेब," म्हणत आणि चहाला बोलावून जात. ज्याला राग येत नाही अशा माणसाशी पत्रव्यवहार करणे हा एक छळ आहे.

अशात त्यांच्या मुलाचा, नितीनचा, पुण्याहून फोन आला. त्याने वडिलांसाठी नवी गाडी पाहून ठेवली होती. शोरूमवाले जुनी घेऊन जाणार होते आणि नवीसाठी रीतसर चार्जिंग पॉइंट बसवून देणार होते. अडले होते ते केवळ वडिलांच्या होकारावर. "काका, पप्पा तुमचं ऐकतील. तुम्हाला सगळेच घाबरतात," तो म्हणाला. वायर कायमची जाणार या आनंदात मी ती कामगिरी पत्करली आणि गायकवाडांना गाडी बदलण्याविषयी स्पष्ट शब्दांत बजावले.

त्यांनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "निकालाच्या आधी पाहणी असते ना साहेब? रविवारी चामटोलीला आक्काकडे चाललोय. चला." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, विधवा, एकटी राहणारी. पाहणीस नकार देणे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाविरुद्ध ठरले असते, म्हणून मी गेलो.

निघतानाच बॅटरी निम्मी होती. याला मी निष्काळजीपणा समजलो. उड्डाणपूल आला तेव्हा मी सवयीने दाराला हात घातला, तर गायकवाड म्हणाले, "बसा हो," आणि गाडी कण्हत पूल चढली. पूल उतरताच त्यांनी एसी लावला, तोही पूर्ण. मग भर उन्हात हेडलाइट. मग कोरड्या काचेवर वायपर. हा काय प्रकार आहे, असे मी विचारले. "असू द्या," एवढेच उत्तर मिळाले. चामटोलीत शिरलो तेव्हा एकच काडी उरली होती आणि तीही लुकलुकत होती.

आक्का बाहेर आल्या. माझा नमस्कार त्यांनी पाहिलाच नाही. सरळ गाडीच्या खिडकीतून मान आत घालून त्यांनी पडदा न्याहाळला.

"एकच," त्या समाधानाने म्हणाल्या. मग खिडकीशी खिळ्याला टांगलेली वायर स्वतः ओढून आणली आणि माझ्याकडे वळल्या. "माझी लाइट नसती तर हा रस्त्यात बसला असता. आता संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. जेवा."

आम्ही बोंबलाचे कालवण आणि भाकरी जेवलो. त्यानंतर "नुसता बसून काय करू" असे म्हणत गायकवाडांनी आक्कांच्या दाराची कडी बसवली, नळ बदलला, त्यांच्या गोळ्या डबीत वेगवेगळ्या केल्या. आक्का त्यांना प्रत्येक कामात नावे ठेवीत होत्या, पण उठवीत नव्हत्या.

त्या भांडी घेऊन मागे गेल्या, तेव्हा गायकवाड हळूच बोलले. "साहेब, नुसता भेटायला आलो की उंबऱ्यातच विचारायची, मी मेले का ते बघायला आलास? पाणी द्यायची आणि घालवायची. औषधं आणली तर त्याच पिशवीतनं परत. एकदा गाडी खरंच इथं बंद पडली. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, जेवून जा." मग ते म्हणाले, "नितीनची नवी गाडी एका चार्जिंगमध्ये इथं येऊन दहादा परत जाईल. मग तिला काय सांगू, कशाला बसलोय?"

माझ्यापाशी उपविधी पुष्कळ होते. त्यातला एकही लागू पडेना.

आक्का हात पुसत परत आल्या. "तुम्ही कायद्याचे ना? याचा पोरगा म्हणतो, गाडी बदला. तुमचं काय म्हणणं?"

गायकवाड बसवलेल्या कडीचा स्क्रू पुन्हा पिळत होते. हात थांबला, पण त्यांनी वर पाहिले नाही.

"समक्ष पाहणी केली," मी म्हणालो. "जीव आहे अजून तिच्यात."

"मी तेच म्हणते," असे म्हणून आक्का चहा टाकायला आत गेल्या.

परतताना एसी बंद होता, हेडलाइट बंद होते, काचा खाली होत्या आणि काड्या भरलेल्या होत्या. वायरीच्या उंचीबाबत स्वतंत्र पत्र पाठवीन, असे मी गायकवाडांना वाटेत बजावले. भारी लिहा, ते म्हणाले. उड्डाणपुलाच्या पायथ्याशी गाडीचा वेग कमी झाला. ते काही बोलण्याआधी मी दार उघडून उतरलो आणि चालू लागलो. नितीनला काय कळवायचे, त्याचा मसुदा चढ संपण्याआधीच मनात तयार झाला.

पलीकडे ते दार उघडून थांबले होते.