सॉकेट तेच, बाकी सगळं वेगळं

मी यंत्रांना भीत नाही! पालीला भितो, इंजेक्शनला भितो, बँकेत सही जुळली नाही तर काय, या विचाराने तर आदल्या दिवसापासून भितो. पण यंत्र म्हटलं की माझ्या अंगात वीरश्री संचारते. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, घरातली एकूण एक वस्तू मी कधी ना कधी उघडलेली आहे. त्यातल्या किती पुन्हा चालू झाल्या, असा प्रश्न बायको चारचौघांत मुद्दाम विचारते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

तर या वेळी पाळी आली सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर.

सासरे तंत्रशाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना बाबा म्हणतो, पण त्यांच्यासमोर उभा राहिलो की अजून मला गृहपाठ न केल्यासारखं वाटतं. गेली सहा वर्षं ते एक पुस्तक लिहितायत. विषय, लाकडाचे सांधे. तीनशे ऐंशी पानं झाली, सगळ्या आकृत्या हाताने काढून कॉम्प्युटरवर चढवल्या, फक्त शेवटचं प्रकरण राहिलंय. प्रकाशकाचा दर आठवड्याला फोन. परवा तर त्याने निर्वाणीचं सांगितलं, सोमवारी पुस्तक हातात आलं नाही तर ते यंदाच्या यादीतून बाद!

"अहो, मी काय करू?" बाबा फोनवर गरजले. "कॉम्प्युटर जागचा हलत नाही! एक पान उघडायला घेतलं की माझी आंघोळ उरकते!"

आणि हे अख्खं पुस्तक होतं कुठे? फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये. दुसरी प्रत नाही. मी एकदा पेन ड्राइव्हचं सुचवलं होतं. त्यावर बाबा म्हणाले, "ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, तो दोन-दोन प्रती ठेवतो." मी विषय बदलला.

पण मनात ठरवून टाकलं. शनिवारी बायको बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होती. दहाला निघून दोनपर्यंत परत. तेवढ्यात जुना प्रोसेसर काढायचा, नवा बसवायचा, आणि बाबा आले की पुस्तक चुटकीसरशी उघडून दाखवायचं!

आणि मी काही अडाणी नाही हो. अभ्यास केला होता! प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. मदरबोर्ड म्हणजे हा मेंदू जिच्यावर बसतो ती मोठी पाटी. मेंदू बसायची जागा म्हणजे सॉकेट. सॉकेटचं नाव जुळलं की काम फत्ते! जुन्याचं नाव पाहिलं, नव्याचं पाहिलं, अक्षर न् अक्षर तेच. दुकानदाराने विचारलं, "मदरबोर्ड कुठला आहे?"

"सॉकेट तेच आहे," मी म्हणालो.

"ते ठीक आहे हो, पण या प्रोसेसरला..."

"सॉकेट तेच आहे!" मी पुन्हा म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. दुकानदार मागून काहीतरी बोलत होता. अति शहाण्याला मागून येणारे आवाज ऐकू येत नाहीत.

शनिवारी सव्वादहाला मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत एवढी धूळ की उशी भरता आली असती. प्रोसेसर दिसेना, कारण त्याच्यावर पंखा होता. पंख्याचे स्क्रू काढले, तरी पंखा हलेना. डावीकडे पिळला, उजवीकडे पिळला. शेवटी जरा जोर लावला.

कच्च!

पंखा हातात आला. आणि पंख्याच्या बुडाला घट्ट चिकटून प्रोसेसरही आला! दोघांच्या मधला, उष्णता वाहून नेणारा लेप वाळून दगड झाला होता, आणि प्रोसेसरला धरून ठेवणारा खटका उघडायच्या आधीच मी त्याला मुळासकट उपटला होता. त्याच्या पोटाला केसाएवढ्या हजारावर पिना असतात. एका कोपऱ्यातल्या सात-आठ पिना आडव्या झोपल्या होत्या.

मी तो बाजूला ठेवला. पण लगेच विचार केला, जुना आता लागतो कुणाला? नवा उचलला, खटका उघडला, ठेवला. टप्प! असा बसला, की जणू तिथेच जन्मला होता! लेप लावला, पंखा चढवला, बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. मी पडद्याकडे पाहिलं.

पडदा काळा.

बंद करून पुन्हा चालू केलं. काळा. वायर काढून घातली. काळा. असं अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे तीनशे ऐंशी पानं एकेक करून विझायला लागली. मी दुकानदाराला फोन लावला.

"मदरबोर्डचं नाव वाचा," तो म्हणाला. मी वाचलं. तो "अरेरे!" म्हणाला. डॉक्टर आणि दुरुस्तीवाले यांनी "अरेरे" म्हणायला कायद्याने बंदी पाहिजे!

"जुना बोर्ड आहे हो तुमचा," तो म्हणाला. "सॉकेट तेच असलं तरी बोर्डाच्या आत एक प्रोग्राम असतो. तो जुना असेल तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखच देत नाही. आधी तो अपडेट करायला हवा होता."

"मग आत्ता करू! सांगा, कसा करायचा?"

"सोपं आहे. जुना प्रोसेसर परत बसवा."

मी जुन्या प्रोसेसरकडे पाहिलं.

"समजा," मी घसा खाकरला, "समजा, एखाद्या माणसाच्या प्रोसेसरच्या पिना वाकल्या असतील तर?"

"त्या माणसाला सांगा, तसाच बसवू नको म्हणून. पीन भलतीकडे टेकली तर बोर्ड जळायचा. आणि बोर्डाबरोबर आणखी काय काय जाईल, सांगता येत नाही."

म्हणजे बघा! नवा चालायचा तर आधी जुना चालायला हवा, आणि जुना चालायचा तर तो आज सकाळी माझ्या हाती लागायला नको होता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि सासरे दोनला येणार!

मी सुई घेतली. एकेक पीन सरळ करायला बसलो. सुतारकाम शिकवणाऱ्याचा जावई असलो तरी हाताला तो गुण लागलेला नव्हता. पहिली पीन उठली. दुसरी उठली. तिसरी टिक्कन तुटून कुठेतरी उडाली. मी गुडघ्यांवर बसून फरशीवर तिला शोधत असतानाच बेल वाजली.

साडेबाराच वाजले होते! डॉक्टरकडे गर्दी नव्हती म्हणे. एरवी तिथे माणसं तीन-तीन तास ताटकळतात, आणि आजच सगळ्यांचे डोळे सुधारले!

मी जुना प्रोसेसर खिशात कोंबला, डब्याचं झाकण कसंबसं लावलं आणि दार उघडलं. बाबा काळा चष्मा लावून बायकोच्या हाताला धरून आत आले.

"थेंब घातलेत," बायको म्हणाली. "दोन-तीन तास अंधुक दिसेल. बाबा, जरा पडा आता."

"पडायला सोमवारनंतर वेळच वेळ आहे," म्हणत बाबा थेट कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले आणि बटण दाबलं. मी बायकोला डोळ्यांनी खूण केली. तिने डोळ्यांनी विचारलं, काय? मी डोळ्यांनी सगळी हकीकत सांगितली. तिला फक्त एवढंच कळलं की माझ्या पोटात दुखतंय.

बाबा शांत बसले होते. पाच मिनिटं वाट पाहायची त्यांना सवयच होती. मग त्यांनी चष्मा काढला. पडद्याजवळ गेले. लांब झाले.

"मला काहीच दिसत नाहीये."

इथे खरं सांगायला हवं होतं. मी त्यासाठीच तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो! पण तोंडातून निघालं, "थेंबांचा परिणाम असेल, बाबा."

"पण तुम्ही दिसताय. अंधुक, पण दिसताय."

"मी... मोठा आहे ना."

"भिंतीवरचं घड्याळ दिसतंय."

"ते पांढरं आहे."

बाबा पडद्याकडे वळले. त्यांचा हात पडद्यावरून फिरला, फळीचा गुळगुळीतपणा तपासतात तसा. "म्हणजे," ते म्हणाले, "पडद्यावरचं दिसायचं गेलं का माझं?"

त्या आवाजाने मला धडकी भरली. असा आवाज बाबांकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बायकोने घाबरून डॉक्टरला फोन लावला. "असं कसं होईल?" पलीकडून ओरडा ऐकू आला. "ताबडतोब घेऊन या! आणि येताना काही खायला देऊ नका, ऑपरेशनची वेळ आली तर!"

ऑपरेशन! बायको रडत चपला शोधायला लागली. बाबांनी चाचपडत कीबोर्ड जवळ ओढला. "दिसत नसलं तरी लिहून बघतो," म्हणाले. "बोटांना पाठ आहे सगळं."

मग मात्र मला राहवलं नाही.

"बाबा, डोळे ठीक आहेत! ऑपरेशन नको! प्रोसेसर मी बदलला, सॉकेट तेच होतं, पिना वाकल्या, त्यातली एक तुटली, पडदा मघापासून काळाच आहे, मी दिसतोय, म्हणजे तुम्हाला दिसतं!" एका दमात एवढं बोलून मी खिशातला जुना प्रोसेसर त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी अंगठ्याने हळूच पिना चाचपल्या. तुटलेली पीन त्यांना न पाहता सापडली.

"जावईबापू," ते म्हणाले, "एक तुकडा दुसऱ्यात शिरला म्हणजे सांधा झाला असं नसतं. माझ्या पुस्तकातलं पहिलंच वाक्य आहे हे."

"वाचलंय, बाबा."

"वाचलं असतंत तर हे केलं नसतंत." त्यांनी प्रोसेसर मुठीत मिटला. "आणि पुस्तक?"

बायको एक चप्पल घालून दारात उभी होती. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण आमची फरशी पक्की आहे. तेवढ्यात फोन वाजला. दुकानदार!

"अहो, एक विचारायचं राहिलं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो का?"

मी दाबलं. हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला.

"मग मशीन जिवंत आहे!" तो ओरडला. "बोर्डाने प्रोसेसर ओळखलाय! तुमच्या जुन्या प्रोसेसरमध्येच चित्र दाखवायची सोय होती, या नव्यात ती नाही. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. तेच सांगत होतो तर तुम्ही पायऱ्या उतरलात! थांबा, घेऊन येतो एक."

अर्ध्या तासात तो आला, कार्ड बसवलं, पडद्याची वायर त्याला जोडली. पडदा उजळला! बायकोने आधी डॉक्टरला फोन करून माफी मागितली, मग मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दुकानदाराने पुस्तकावर दोनदा टिचकी मारली. पापणी लवायच्या आत पहिलं पान हजर!

दुकानदार गेला. मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी राग निवळेल.

बाबांनी पुस्तक बंद केलं. पुन्हा उघडलं. झटकन उघडलं. पुन्हा बंद केलं. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आणखी उतरत गेला.

"एवढ्यात उघडतंय?"

"हो, बाबा! आता शेवटचं प्रकरण दोन दिवसांत होईल!"

"ते लिहून झालंय," बाबा हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली." मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तीस वर्षं मी पोरांच्या सांध्यांत फटी शोधल्या. आता ती सगळी पोरं माझं पुस्तक हातात घेणार आणि फटी शोधणार. भीती वाटते हो. कॉम्प्युटर हळू होता, तोवर बरं चाललं होतं."

आणि नेमका तेव्हाच प्रकाशकाचा फोन आला. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"सोमवारी? सोमवारी कसलं! अहो, जावयाने कॉम्प्युटर उघडून ठेवलाय. हो, पिनासुद्धा तोडल्यात! खोटं वाटतंय? ऐका!" आणि त्यांनी मला स्क्रूड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

मी काय करणार? डब्यावर ठकठक केलं. बाबांनी खूण केली, अजून जोरात. मी जोरात केलं. प्रकाशकाचा आवाज खोलीभर ऐकू आला, "अरे, त्या माणसाला लांब ठेवा हो!" बाबांना एक महिना वाढवून मिळाला. ते समाधानाने झोपायला गेले.

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून दाखवला. मी ठोकत होतो तेवढ्यात... नाही, त्याच्याही आधी, दुकानदार असतानाच तिने अख्खं पुस्तक त्यात उतरवून घेतलं होतं. शेवटच्या प्रकरणासकट.

"सोमवारी ऑफिसला जाताना प्रकाशकाला देणार आहे," ती म्हणाली. "आत्ता नाही गेलं तर ते कधीच जायचं नाही. मी वाचलं नाही अजून, पण बाबांच्या हाताला फट राहत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

"आणि बाबांना कोण सांगणार?"

"ज्याने डबा उघडला, त्याने."

आज रविवार आहे. बाबा बाहेरच्या खोलीत आहेत, मजेत शीळ घालतायत. हे सगळं मी बाथरूमला आतून कडी लावून लिहितोय. त्यांनी दोनदा विचारलं, "जावईबापू, पोट बरं आहे ना?" मी आतून सांगितलं, "थोडा वेळ लागेल, बाबा."