टिंबाच्या उजवीकडे

राजुरीतल्या एका साखरपुड्यात बबनरावांनी नवऱ्या मुलाला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. बबनरावांनी हवेत बोट टोचलं आणि म्हणाले, “नाव झालं. टिंबाच्या पुढं काय?”

मुलगा गडबडला. शिक्षण विचारताहेत असं समजून म्हणाला, “बीकॉम.”

“कॉम जुनं झालं, पावणं,” म्हणत बबनराव पंगतीला जाऊन बसले. मुलीच्या मामांनी मला बाजूला घेतलं. “सर, मुलात काय खोट निघाली का?”

मलाच विचारलं, कारण बबनरावांचा अर्थ सांगायचं काम गावानं माझ्यावर टाकलंय. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. खरं तर मलाही तो पुरता लागलेला नाही. लागला तेवढा सांगतो. इंटरनेटवरच्या पत्त्यात शेवटी एक टिंब असतं आणि त्यापुढे कॉम, इन असं काहीतरी शेपूट. नवं शेपूट काढायचं तर परदेशातल्या एका संस्थेकडे अर्ज करावा लागतो. बबनरावांना ‘शिवार’ हे शेपूट काढायचं आहे, तेही मराठी अक्षरांत. मग जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं आधी नाव, मग टिंब, मग शिवार. पैशाचं तालुक्यातले द्राक्षवाले बघणार होते म्हणे. द्राक्षवाल्यांना हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

“टिंबाच्या डावीकडं समदी गर्दी झालीय, सर,” बबनराव म्हणतात. “उजवीकडं रान मोकळं पडलंय.”

एसटी स्टँडसमोर त्यांचं सायबर कॅफे होतं. लोकांच्या खिशात मोबाईल आले आणि ते बसलं. मग टोमॅटोच्या व्यापाऱ्यांना वेबसाइटी करून देऊन झालं. मग दुसऱ्याच कुणाच्या नव्या शेपटांची एजन्सी घेतली. त्यातल्या ‘फार्म’ शेपटाचं एक नाव निरगुडसरच्या पोल्ट्रीवाल्याला विकलं. तो दुसऱ्याच दिवशी मोजणीची टेप घेऊन, जमीन दाखवा म्हणत दारात उभा. बबनरावांच्या बायकोनं, वहिनींनी, ते भांडण ऐकलं आणि त्या आपल्या लेकीकडे चाकणला गेल्या. “तुमचं टिंब पुसलं की फोन करा,” असं सांगून गेल्या. त्याला बरीच वर्षं झाली.

तेव्हापासून शाळा सुटली की मी त्या बंद कॅफेत जातो. आत सहा खुर्च्या आहेत. एका खुर्चीवर मी बसतो. चहा ते करतात, फार गोड करतात.

अर्जाला गावाचा पाठिंबा लागतो, म्हणून ‘शिवार’ ग्रामसभेत मांडलं.

“रस्ता कुठनं हाय?” एका म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न.

“रस्ता न्हाई लागत. ते हवेत असतंय.”

“पाणी?”

“पाणी नाय.”

“बिबट्या येतो का?”

“आवो, तिथं कशाला येईल बिबट्या?”

“मग लिवा माझं दोन गुंठं,” म्हातारा म्हणाला. ठराव एकमतानं पास झाला. कशाचा, ते सरपंचांनी मला नंतर विचारलं.

एवढं होऊनही खरी अडचण पुढेच होती. शेपूट चालवायची यंत्रणा एखाद्या जाणत्या कंपनीनं सांभाळायची आणि तसं पत्र अर्जाला जोडायचं, अशी संस्थेची अट. पत्र नसेल तर अर्जच नाही. पुष्कळ मेल पाठवल्यावर परदेशातली एक कंपनी व्हिडिओ कॉलवर बोलायला तयार झाली. दुभाषी अर्थात मी.

बबनराव इस्त्रीचा सदरा घालून बसले. मागच्या भिंतीवर ‘झेरॉक्स बंद आहे’ ही पाटी तशीच होती. पलीकडे काचेचं ऑफिस आणि एक मॅडम. त्यांनी विचारलं, एकाच नावावर दोघांनी हक्क सांगितला तर तुमचं धोरण काय?

मी मराठीत सांगितलं तसे बबनराव खुलले. “लई सोपं हाय! सामायिक विहिरीवर पाळी असती ना? तसंच. सोमवार ते बुधवार थोरल्याचं पान दिसणार, गुरुवार ते शनिवार धाकट्याचं.”

“आणि रविवारी?” माझ्या तोंडून गेलं.

“रविवारी विहीर भरू द्यायची, राव!”

मॅडम उत्सुकतेनं माझ्याकडे बघत होत्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात मला मी दिसलो, त्या पाटीखाली, बबनरावांच्या खांद्याला खांदा लावून बसलेला. मला लाज वाटली. इतकी की पाळीचं मी बोललोच नाही. इंग्रजीत म्हणालो, हे गृहस्थ नुसती चाचपणी करताहेत, फार मनावर घेऊ नका. मॅडमनी आभार मानून कॉल बंद केला. आठवड्यात नकार आला, दोन ओळींचा.

“पाळीचं कळलं नसंल त्यांना,” बबनराव म्हणाले. “त्यांच्याकडं नळ असत्याल.”

मी खाली मान घालून चहा प्यालो. पोरांचा भाषांतरात एक शब्द चुकला तरी मी अर्धा गुण कापतो. इथे मी अख्खा माणूस गाळला होता. पुढचे तीन आठवडे मी रोज कबूल करायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. शेवटी एका शनिवारी, कप हातात घ्यायच्या आधीच, सगळं सांगून टाकलं. मान वर न करता.

बबनराव गाळणी धूत होते. त्यांनी ती झटकली, खिळ्याला अडकवली.

“तुमी बोलला त्यातले दोन शब्द अडले व्हते, सर. ते मोबाईलमधी बघितले. बाकीचं तवाच कळलं व्हतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुमी यायचं बंद केलं असतं.” त्यांनी हात पुसले. “मग ह्यातलं मी सांगू कुणाला?”

त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला आणि कॉम्प्युटर चालू केला.

“अर्जाला अजून मुदत हाय. दुसरी कंपनी बघितलीय. मंगळवारी चारला फोन करणारेत. तुमीच बोला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शाळा सुटती का तवर?”

आमची शाळा पाचला सुटते.

“सुटते,” मी म्हणालो.