अकरावं मिनिट

"हे यंत्र रविवारी बसलं ना मॅडम, तर ही माझी खुर्ची उचलून न्या!"

मेमरीरावांनी भर बैठकीत ही घोषणा केली आणि तिला वजन यावं म्हणून आपल्या चाकांच्या खुर्चीत एक गिरकीही घेतली. गिरकी जरा जास्तच झाली. घोषणेचा शेवट भिंतीकडे तोंड करून झाला.

मेमरीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नाट्यगृहांची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत ते डेटाबेस सांभाळत. कुठली खुर्ची गेली, कुठली उरली, हे सगळं तो डेटाबेस डिस्कवर लिहून न ठेवता मेमरीत, म्हणजे थेट डोक्यात ठेवायचा आणि पटापट उत्तरं द्यायचा. त्याचा सांभाळकर्ता मात्र आठवड्यातून दोनदा डबा घरी विसरायचा. म्हणून मेमरीराव!

हा डेटाबेस एका क्लाउड कंपनीच्या भाड्याच्या यंत्रावर चालायचा आणि ते यंत्र होतं निवृत्त प्रकारातलं. म्हणजे क्लाउड कंपनीने तो प्रकार नवा द्यायचं बंद केलं होतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो चालेल तोवर चालवावा, मोडला तर रडू नये, असा मामला.

"अहो, त्या जुन्या प्रकारांच्या मर्यादांचं एक पान आहे," मॅडम म्हणाल्या. त्या विभागप्रमुख, आणि मेमरीरावांपेक्षा बारा वर्षांनी लहान. "वाचलंत का ते?"

"वाचायचं काय त्यात? मी चाचण्या घेतल्यात. एक नाही, दोन नाही, दहा! दहाही वेळा घोड्यासारखं पळालं!"

हे शंभर टक्के खरं होतं. फक्त प्रत्येक चाचणी दहा मिनिटांचीच होती. कारण अकराव्या मिनिटाला चहा यायचा आणि मेमरीराव गार चहा पीत नसत.

खरी गोष्ट वेगळीच होती. त्या यंत्राच्या खोड्या ओळखणारे कार्यालयात ते एकटेच उरले होते. यंत्र गेलं की आपली गरज काय, हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण पन्नाशीच्या माणसाला काही गोष्टी बोलून दाखवाव्या लागत नाहीत.

रविवारी तिकीटविक्री होती एका म्हाताऱ्या जादूगाराच्या शेवटच्या प्रयोगाची. या जादूगाराने मेमरीरावांच्या सासूबाईंना त्यांच्या तरुणपणी स्टेजवर बोलावून मधोमध कापलं होतं! परत जोडताना वरचा भाग जरा घाईत बसवला गेला, असं सासरेबुवांचं खाजगी मत होतं. सासूबाई मात्र त्या आठवणीने अजून लाजत.

"जावईबापू, पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची हवी हं मला. शेवटचा प्रयोग आहे, पुन्हा दिसायचा नाही तो."

"अहो, विक्री माझ्याच यंत्रावर आहे! तुम्ही आरामात सव्वाअकराला बसा तिकीट काढायला."

रविवारी अकराच्या ठोक्याला विक्री उघडली. यंत्र सुसाट! मेमरीरावांनी मॅडमकडे असं पाहिलं, की जणू यंत्राला त्यांनीच लहानपणी दूध पाजलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटं. सत्त्याऐंशी खुर्च्या गेल्या.

अकरा वाजून अकरा मिनिटं. पडद्यावर नुसतं एक चाक फिरायला लागलं.

झालं होतं ते असं. हा जुना प्रकार रिकाम्या वेळात थोडी ताकद साठवायचा आणि काम आलं की ती भराभर उधळायचा. साठा संपला की वेग थेट दहाव्या हिश्श्यावर! तीन जिने धडाधड चढून चौथ्यावर "जरा टेकतो हं" म्हणणाऱ्या माणसासारखा. मर्यादांच्या पानावर हे पहिल्याच ओळीत होतं.

फोन वाजला. "जावईबापू, इथे काहीतरी गरगर फिरतंय."

"पान बंद करून परत उघडा. चार-पाच वेळा करा."

सासूबाई आज्ञाधारक. त्यांनी स्वतः तर केलंच, शिवाय आपल्या विणकाम मंडळातल्या चाळीस जणींनाही कळवलं, की "जावयांनी सांगितलंय, उघडझाप करत राहा!" त्या चाळीस जणींनाही बहिणी होत्या. आधीच टेकलेल्या यंत्राच्या छातीवर आता अख्खं विणकाम मंडळ बसलं.

"मोठं यंत्र घ्या," मॅडम म्हणाल्या.

मेमरीरावांनी त्याच प्रकारातलं मोठं यंत्र मागवलं. क्लाउड कंपनीचं उत्तर क्षणात आलं: हा प्रकार आता मिळत नाही.

"मग आता?"

"आता रामबाण उपाय!" असं म्हणून मेमरीरावांनी यंत्र बंद करून चालू केलं.

आणि काय सांगावं! चाक थांबलं, पान उघडलं. "बघा!" ते ओरडले.

मॅडमनी बघितलं. "सगळ्या खुर्च्या रिकाम्या कशा दिसताहेत?"

मेमरीरावांनी पडद्याला नाक लावलं. मेमरीतलं सगळं बंद करताच पुसलं गेलं होतं. यंत्र त्या सत्त्याऐंशी खुर्च्या पार विसरलं होतं आणि त्याच खुर्च्या नव्या उत्साहाने पुन्हा विकत होतं!

"बॅकअप?"

"अं... या प्रकारात बॅकअप घेताच येत नाही, असं दिसतंय. पानावर तसं दुसऱ्या ओळीत लिहिलंय." ते पान त्यांनी आत्ता उघडलं होतं.

एवढ्यात फोन. "मिळाली हो जावईबापू! पहिल्या रांगेतली पहिली! माझा जावई म्हणजे ना, लाखात एक!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ती खुर्ची मी अकरा वाजून एका मिनिटाने माझ्या बाबांसाठी घेतली होती."

मग मॅडमनी विक्री थांबवली, नव्या प्रकारातलं यंत्र घेतलं, ग्राहकांना गेलेल्या ईमेलवरून तिकिटं परत भरली आणि विक्री पुन्हा सुरू केली. चहासुद्धा गार झाला नाही.

पण सत्त्याऐंशी खुर्च्यांना दोन-दोन मालक होते, ते होतेच. दिलं तिकीट मागे घ्यायचं नाही, असा कंपनीचा बाणा! म्हणून प्रयोगाच्या दिवशी कार्यालयातल्या यच्चयावत खुर्च्या टेम्पोत घालून नाट्यगृहात नेल्या. पहिली उचलली ती चाकांची. तिच्यासाठी मॅडमनी स्वतः दरवाजा धरला. ती खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला लागली आणि तिच्यावर मॅडमचे बाबा बसले. प्रयोगभर ते आनंदाने गिरक्या घेत होते.

अख्ख्या नाट्यगृहात उभा माणूस एकच होता. त्यामुळे जादूगाराने लांबलचक पेटी पुढे ढकलत "कुणी येणार का?" असं विचारताच त्याची नजर नेमकी मेमरीरावांवर गेली. शिवाय सासूबाई ओरडल्याच, "घ्या हो, माझ्या जावयांनाच घ्या! सत्त्याऐंशी खुर्च्या गायब केल्यात त्यांनी, तुमचेच बंधू आहेत!"

मेमरीराव पेटीत आडवे झाले. झाकण लागलं. करवत चमकली. तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढून हळूच विचारलं,

"साहेब, तुमचा हा पेटीचा प्रकार... अजून चालू आहे ना?"

"छे हो," जादूगार म्हणाला, "बंद होऊन वीस वर्षं झाली. पण काळजी नको. पहिली दहा मिनिटं काही होत नाही."